ताई, माझं ऐका

ताईच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही, एवढंच भाच्यानं फोनवर सांगितलं होतं. बाकीचं त्यानं पोटात ठेवलं, आणि राघू, राघूची बायको आणि मुलगी जिने चढून धापा टाकत वर पोचले तेव्हा दारातच, बूटसुद्धा काढू न देता, सगळं बाहेर काढलं.

“मामा, आईनं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोन महिने झाले असतील, मला काल कळलं. डॉक्टर म्हणाले, आजपासून गोळ्या सुरू झाल्या तर अंगठा वाचवायचा प्रयत्न करतो. नाहीतर कापायला लागेल, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही. हे सगळं तिच्या तोंडावर सांगितलं त्यांनी. तर म्हणते, मला राघूनं सांगितलंय गोळ्या सोडायला.”

“ह्यांनी?” राघूची बायको एक बूट हातात घेऊन तशीच उभी राहिली. “अरे, ह्यांच्या तोंडून चार वर्षांत हूं की चूं निघालेलं नाही!”

“ते मला माहीत नाही का, मामी? पण तुम्ही आधी ऐका ते. मीसुद्धा ऐकलं, म्हणून तर...” भाच्यानं पुढचं वाक्य गिळलं आणि दार लोटून घेतलं.

राघूला विचारायचं बरंच होतं, पण उपयोग नव्हता. त्याच्या गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, त्यावर बायकोनं शिवलेला पांढरा फडक्याचा चौकोन होता, आणि स्वरयंत्र जिथं असतं तिथं आता काहीच नव्हतं. गळ्यात कर्करोगाची गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आवाज हवा की जीव. घरातल्या सगळ्यांनी एकमुखानं जीव मागितला. राघूला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. पण उत्तर द्यायला त्यानं जो वेळ घेतला तो बायको अजून विसरलेली नव्हती.

कारण आवाज म्हणजेच राघू. लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हुबेहूब नकला करायचा म्हणून ताईनंच त्याला राघू म्हणायला सुरुवात केली, आणि मग खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. पुढे तो डबिंग करायला लागला. दूरच्या भाषेतला एक मोठा नट होता. मोठा म्हणजे केवढा, तर त्याचा चेहरा साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यावर. त्याला आपली भाषा औषधालाही येत नव्हती. त्याचे सिनेमे इथल्या लोकांपर्यंत पोचले ते राघूच्या गळ्यातून. राघू दुकानात उभा राहून अर्धा डझन अंडी मागायचा आणि माणसं चमकून त्याच्या मागे बघायची, की तो नट कुठे उभा आहे! राघूकडे कुणी बघायचं नाही. त्याला त्याचीच गंमत वाटायची. घरी येऊन तो ताईला फोन करायचा आणि त्याच दमदार आवाजात म्हणायचा, “ताई, ऐक. आज काय झालं माहितीये का?”

ताई खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसली होती. पाय समोर स्टुलावर, अंगठ्याला बँडेज. चेहरा उतरलेला होता, पण यांना बघून तो उजळला. शेजारच्या टेबलावर एक जाडजूड बरणी होती, आणि बरणीवर तोच नट, अंगठा वर करून हसत होता. राघूच्या बायकोनं आधी तो अंगठा पाहिला, मग ताईचा, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“आलात का सगळे फौजफाटा घेऊन?” ताई म्हणाली. “ह्यानं बोलावलं असणार. मला काही झालेलं नाही. बसा. कसा आहे राघू?”

हे शेवटचं तिनं राघूच्या बायकोला विचारलं. राघू तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ऑपरेशन झाल्यापासून ताईचं असंच चाललं होतं. आई गेल्यावर जिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचं नाक पुसलं, ती ताई आता त्याच्या गळ्याकडेही बघत नसे आणि तोंडाकडेही. नजर नेमकी त्याच्या खांद्यावरून पलीकडे जायची.

राघूनं ओठ हलवले. ओठांवरून वाचायचं काम त्याच्या बायकोचं. घरात त्याला सगळे ‘मामीचं डबिंग’ म्हणत. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या ओठात आपले शब्द बसवले, त्याच्या ओठात आता बायको आपले शब्द बसवायची, आणि ते कधीही मापात बसायचे नाहीत. हा तीन शब्द बोलायचा, ती तीस.

“हे म्हणतात, गोळ्या का सोडल्यास?” बायको म्हणाली. “आणि म्हणतात की शिकली-सवरलेली बाई तू, कुठल्या तरी बरणीच्या नादी लागून पायाचं वाटोळं करून घेतेस, लोक काय म्हणतील, आणि पोराचा तरी विचार करायचास—”

“एवढं कधी म्हणाला तो? चार वेळा तर ओठ हलले.”

“भावार्थ तोच आहे.”

“हाच तर घोळ आहे,” ताई शांतपणे म्हणाली. “तुझं वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे तू बोलतेस. हा तुझा आवाज आहे. राघू माझ्याशी त्याच्या आवाजात बोललाय. दोघांतलं मी कुणाचं ऐकायचं, तूच सांग.”

ताईनं खुर्चीच्या कडेला ठेवलेला फोन उचलला, सराईतपणे दोनदा बोट फिरवलं आणि फोन बरणीला टेकवून उभा केला.

पडद्यावर तो नट आला. साधा पांढरा शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट. त्यानं थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“ताई, माझं ऐका.”

राघूच्या अंगावर सरसरून काटा आला.

आवाज त्याचाच होता. सारखा नव्हे, जवळपास नव्हे, त्याचाच. शब्द संपताना जी किंचित खरखर यायची, जिला पहिल्या ध्वनिमुद्रकानं सर्दी समजून गरम पाणी पाजलं होतं, ती खरखर होती. ‘ता’ जरासा लांबवून ‘ई’ पटकन सोडून द्यायची त्याची खोड होती, तीही होती. चार वर्षं तो रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या आपला आवाज आठवायचा प्रयत्न करायचा, आणि तो दिवसेंदिवस पुसट होत चालला होता. आणि इथं तो, चाळिशीतला, भरदार, निरोगी, बरणीला टेकून बोलत होता!

“मीही रोज मूठभर गोळ्या खायचो. काय मिळालं? ही पूड सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची, आणि मग हळूहळू त्या सगळ्या गोळ्या, ज्या तुम्हाला वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, ज्यांनी तुमची झोप घालवली, ताकद घालवली...”

राघूचं शब्दांकडे लक्षच नव्हतं. तो नटाच्या ओठांकडे बघत होता. ‘मीही’ म्हणताना ते मिटले. ‘मूठभर’ म्हणताना मिटले. ‘पूड’ला मिटले आणि ‘पाण्यातून’लाही. ह्या ओठांशी राघूनं उभं आयुष्य झगडा केला होता. तो परका माणूस त्याच्या भाषेत कुठेही तोंड मिटायचा, आणि राघू पेन्सील कानावर ठेवून बसायचा, की इथं आता प, ब, म असलेला कुठला शब्द कोंबू, म्हणजे अर्थही राहील आणि ओठही जुळतील. एका ‘म’साठी अख्खी सकाळ गेलेली त्याला आठवत होती. आणि इथं त्या माणसाचे ओठ आपली भाषा बोलत होते! एकही अक्षर सुटलेलं नव्हतं. अख्ख्या हयातीत जमलं नाही इतकं देखणं काम त्याच्यासमोर उभं होतं, आणि ते त्यानं केलेलं नव्हतं.

त्याचा आ वासलेलाच राहिला. जाहिरात संपली तेव्हा त्याला कळलं की आपले डोळे भरून आलेत.

“बाई गं,” त्याची मुलगी पुटपुटली. ती स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायची. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली. तिची एक भुवई वर गेली होती ती खाली येईना. “बाबा, काय केलंय हे! तुमचे सिनेमे चोवीस तास नेटवर पडलेले असतात. ते ऐकवून ऐकवून यंत्राला शिकवलंय. चेहरा त्याचा चोरलाय, आवाज तुमचा. दोघांनीही ह्यातला एक शब्द उच्चारलेला नाही. मी स्टुडिओत बसून करायचं म्हटलं तरी मला नाही जमणार.”

“तुला कौतुक वाटतंय?” तिची आई उसळली.

“कौतुक नाही गं. भीती वाटतेय. दोन्ही एकदम वाटतंय.”

“त्या नटानं तर जाहीर सांगितलंय, माझा ह्याच्याशी काही संबंध नाही म्हणून,” भाचा म्हणाला. “आणि ह्या बरणीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे ते नाही, नुसता एक नंबर. मी तक्रार करायला फोन लावला, तर मलाच म्हणतो, ‘ताई, माझं ऐका’!”

एरवी ह्यावर राघू खांदे गदागदा हलवून हसला असता. आता तो फोनकडे बघत होता. त्यानं बोट वर केलं आणि हवेत एक गोल काढला. स्टुडिओतली जुनी खूण. पुन्हा एकदा.

ती खूण खोलीतल्या सगळ्यांना कळत होती.

“बघा!” ताईनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. “तोच म्हणतोय, परत लावा. स्वतःचं काम माणसाला ओळखू येणार नाही का? अरे, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ऑपरेशनच्या आधी करून ठेवलंय त्यानं. आवाज जाणार हे त्याला माहीत होतं ना? तेव्हा किती ठिकाणी जाऊन काय काय बोलून ठेवलं असेल, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

“मामा,” भाचा एकदम म्हणाला. त्याचा सूर बदलला होता. “मला एकदाच सांगा. तुम्ही खरंच कुणाला आवाज दिला होता का? ह्या असल्या कामासाठी?”

राघूनं जोरजोरात मान हलवली.

“मग परत कशाला ऐकायचंय तुम्हाला? पहिली बरणी मी मागवली, मामा. मी! इतकी वर्षं बँकेत बसून रोज लोकांना सांगत असतो, सही करण्याआधी वाचा, आणि ह्या वेळी मी काहीही वाचलं नाही. का? तर मामांचा आवाज आहे. जग त्या नटाच्या थोबाडाला फसलं असेल, आम्ही तुमच्या आवाजाला फसलो. आईचा पाय चाललाय, आणि तुम्ही म्हणता परत लावा!”

“त्याच्यावर ओरडू नकोस,” ताई म्हणाली.

“ओरडू दे त्याला,” राघूची बायको म्हणाली. आत्तापर्यंत भाच्याशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. आज ती सरळ उठून त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “बरोबर बोलतोय तो. चार वर्षं मी ह्यांचं तोंड होऊन राहिले. बँकेत मी बोलते, दवाखान्यात मी बोलते, कोपऱ्यावरच्या न्हाव्याशी मी बोलते. आणि त्या डब्यातून दोन वाक्यं आली तर ह्यांचे डोळे भरून आले! ताई म्हणतात, हा तुझा आवाज आहे. बरं, आहे माझा. नाही बोलत मी. तुमचं तुम्ही बोला आता.”

ती खिडकीबाहेर तोंड करून उभी राहिली. राघूनं तिच्याकडे पाहून ओठ हलवले. तिनं वळून बघितलंच नाही.

राघूला लाज वाटली. आपली ताई समोर पाय गमावून बसायच्या बेतात आहे, आणि आपण स्वतःच्या आवाजावर भाळलोय, हे त्याला बोलून दाखवायची गरज नव्हती. तरीही खरं सांगायचं तर त्याला अजून एकदा ऐकायचंच होतं, आणि ते फक्त मोहापायी नव्हतं. त्या वाक्यात कुठे तरी काही तरी खटकलं होतं. चाल बरोबर, खरखर बरोबर, ओठ बरोबर, पण अंग म्हणत होतं, इथं काही तरी राहिलंय. त्याला वाटलं, आपण ताईशी ‘ऐका’ असं कधी म्हणालो, हे असेल. त्यानं मुलीकडे वळून, तिला वाचता येतील असे सावकाश ओठ हलवून, ते सांगितलंही.

“आत्या, बाबा म्हणतात, मी तुला कधी तरी ‘ऐका’ म्हटलंय का? अहो-जाहो?”

“जाहिरातीत साऱ्या जगाशी बोलायचं असतं,” ताईकडे उत्तर तयार होतं. “म्हणून ‘ऐका’. पण ‘ताई’ आहे ना, ते माझ्यासाठी आहे. ते मला कळतं.”

म्हणजे ते नव्हे. राघूनं खुर्ची ओढली आणि ताईच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. डबिंगच्या खोलीत बसायचा तसा, पाठ ताठ, हनुवटी जराशी वर. त्यानं गळ्यावरच्या फडक्याची गाठ सोडली आणि फडकं मांडीवर ठेवलं.

ताईनं मान वळवली. राघूनं तिचा हात धरला. तिनं ओढून घेतला. त्यानं पुन्हा धरला, लहानपणी ती रस्ता ओलांडताना धरायची तितका घट्ट, आणि तो हात उघडा करून, तळवा आपल्या गळ्यापुढे आणून ठेवला. श्वासाची ऊब तळव्याला लागली तशी ताईची बोटं दचकली. मग तिथंच राहिली.

राघूनं मुलीकडे पाहून मान डोलावली. तिनं जाहिरात लावली.

“ताई, माझं ऐका,” आवाज म्हणाला, आणि राघूचे ओठ त्याच क्षणी तेच म्हणाले.

त्याला तालीम लागली नाही. आवाज त्याचा होता. तो कुठे चढेल, कुठे उतरेल, हे त्याच्या हाडांना माहीत होतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याच्या ओठांना आवाज दिला, आता तो आवाजाला ओठ देत होता. भाचा हाताची घडी विसरून पुढे आला. नट आणि मामा एकाच वेळी बोलत होते, आणि मामांचा चेहरा बघताना वाटत होतं की हे शब्द ह्याच तोंडातून येताहेत. खिडकीशी उभी असलेली बायको आवाज ऐकून वळली, समोर नवरा बोलताना बघितला आणि तिथंच खिळून राहिली. हा माणूस बोलताना असा दिसायचा हे ती विसरूनच गेली होती.

“...ही पूड सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची, आणि मग हळूहळू त्या सगळ्या गोळ्या, ज्या तुम्हाला वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, ज्यांनी तुमची झोप घालवली, ताकद घालवली, ज्यांच्यावाचून आपलं काही खरं नाही असं तुम्हाला सांगण्यात आलं, त्या एकेक करून बाजूला काढायच्या, कारण शरीराला...”

इथं राघूला सापडलं. ‘ताकद घालवली’पाशी त्याला श्वास हवा होता. आवाजानं जागा दिली नाही. तो तसाच ओढत पुढे गेला. पुढच्या स्वल्पविरामावर मिळेल म्हणून थांबला, तिथंही नाही. गळ्यातून बोलायचं आता उरलं नव्हतं, पण शरीर आपली सवय सोडत नाही. बोलण्याबरोबर त्याची छाती जुन्या सवयीनं श्वास धरून बसली होती. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला. ओठ अडखळले, आणि गळ्यातून एक मोठा, खरबरीत, ओला श्वास बाहेर फुटून ताईच्या तळव्यावर आदळला. त्यापाठोपाठ दुसरा. तो धापा टाकत राहिला, आणि आवाज तसाच मजेत, जराही न अडखळता, शरीराला काय लागतं ते सांगत पुढे चालला होता.

“बंद कर ते!” ताई ओरडली. “अगं, बंद कर! दमला तो!”

मुलीनं फोन बंद केला.

ताईचा हात अजून राघूच्या गळ्यापाशी होता. ती आता त्या भोकाकडे बघत होती, सरळ, डोळे न मिचकावता, आणि तिच्या तळव्यावर श्वास येत होता, जात होता.

“हा दमला,” ती हळूच म्हणाली. “तो दमला नाही.”

तिनं दुसऱ्या हातानं फोन पालथा घातला.

“म्हणजे तो श्वासच घेत नाही,” ताई म्हणाली. “एवढं लांबलचक बोलला, आणि मधे एकदाही... अरे, मी रोज ऐकतेय. सकाळ-संध्याकाळ ऐकतेय. माझ्या कसं लक्षात आलं नाही?”

“कुणाच्याच नाही आलं,” भाचा म्हणाला. “चला. सापडलं एकदाचं. आता असलं काही आलं की श्वास ऐकायचा.”

“छे,” राघूची मुलगी म्हणाली. “हे कुणी तरी घाईत केलंय. उद्या श्वासही घालतील. खोकतील, हसतील, मधेच पाणी पितील.”

“मग ओळखायचं तरी कसं?”

“ओळखायला जायचंच कशाला?” राघूची बायको खिडकीपासून परत आली. तिचा आवाज घोगरा झाला होता, पण जीभ ठिकाणावर होती. “भले तो नट स्वतः दारात येऊन उभा राहू दे. भले हे बोलायला लागू देत. गोळी बंद करायची तर डॉक्टरला विचारून करायची. एवढं एक पाळलं की कोण खरा नि कोण खोटा, हे बघत बसायला नको.”

राघूनं मान डोलावली. भाचा आत गेला आणि गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. ताईनं दोन्हींकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतले.

“आई, आता काय?”

“काही नाही.” मग बोलली ती खाली मान घालून, कुणालाच उद्देशून नाही. “मला कळतंय रे ते खोटं आहे. आता कळतंय. पण मला चार वर्षांत कुणी ताई म्हणून हाक मारलेली नाही. तुमची मी आई, तुमची आत्या. ही ताई म्हणते, पण ती नात्यानं म्हणते. माझा भाऊ माझ्याकडे येऊन बसायचा आणि मी भिंतीकडे बघायचे, कारण ह्याच्या गळ्याकडे बघितलं की मला हुंदका यायचा. म्हटलं, ह्यानं बघायला नको. आणि एक दिवस फोनमधून तो म्हणाला, ताई. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं पडलं माझ्या. चोर असेल, लुच्चा असेल, पण मला ताई म्हणत होता. ते बंद करून मी काय ऐकू? गोळी घे म्हणून मला कुणी सांगायचं?”

राघूची बायको पुढे झाली. पण तिनं तोंड उघडायच्या आत राघूनं तिच्या दंडाला हात लावला आणि मानेनं ‘नको’ म्हटलं. मग त्यानं मुलीकडे पाहून आपली दोन बोटं गळ्याच्या बाजूला टेकवली.

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. “खरंच?” तिनं विचारलं.

त्यानं पुन्हा बोटं टेकवली.

तिनं तिची स्टुडिओची पिशवी उघडली आणि तळातून, तारांच्या गुंडाळ्यांखालून, दाढी करायच्या यंत्राएवढं एक नळकांडं काढलं. गळ्याला लावून बोलायचं यंत्र. ऑपरेशननंतर दवाखान्यानं ते दिलं होतं. राघूनं एकदाच, एका शब्दापुरतं, आरशासमोर लावून बघितलं होतं. जो आवाज निघाला तो ऐकून त्यानं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि आयुष्यभर मुकं राहायचं ठरवलं. मुलीनं ते डब्यातून काढून घेतलं हे त्यानं पाहिलं होतं, तिच्या आईला मात्र माहीत नव्हतं.

“दर आठवड्याला चार्ज करते,” ती आईला म्हणाली, काही तरी चोरी पकडली गेल्यासारखी. “म्हटलं, असू दे.”

राघूनं यंत्र हातात घेतलं. त्या नटाला ज्यानं आपली भाषा दिली, ज्याचा आवाज ऐकून दुकानातली माणसं मागे वळून बघायची, त्याला आज आपल्याच माणसांसमोर ह्या नळकांड्यातून बोलायचं होतं. जिवावर आलं होतं त्याच्या. बरणीवरचा नट हसत होता. त्यानं बरणी उचलून जमिनीवर, खुर्चीमागे ठेवली. यंत्र हनुवटीखाली टेकवलं, जागा चुकली, सरकवलं, आणि कळ दाबली.

घर्रर्र करून आवाज निघाला. मिक्सरमध्ये खडे टाकावेत तसा. चढ नाही, उतार नाही, माया नाही, काही नाही. भाच्याची मान नकळत मागे गेली.

“ता. ई.”

ताईनं वर पाहिलं. त्याच्या खांद्यावरून पलीकडे नाही, त्याच्या तोंडाकडे.

राघूला घाम फुटला होता. त्यानं श्वास घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि पुन्हा कळ दाबली.

“ता. ई. गो. ळी. घे.”

राघूच्या बायकोनं तोंडावर हात धरला होता. ह्या वेळी तिला काहीही सांगायचं उरलं नव्हतं. तीन शब्द होते, आणि ते तीनच राहिले.

“शी!” ताई म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. “काय घाणेरडा आवाज आहे रे हा, राघू!”

आणि तिनं गोळीसाठी हात पुढे केला.